आपल्या देवाची आण

एका गावात एक दगड होता. आता दगड कुठल्या गावात नसतो? पण या दगडावर अक्षरं कोरलेली होती आणि ती वाचता येणारा माणूस साऱ्या गावात एकच होता. तो म्हणजे खंडोबाच्या देवळातला निंबा गुरव. ही गोष्ट त्या दगडाची आणि निंबाची आहे.

गावाच्या वरच्या अंगाला नदीवर बंधारा होता आणि बंधाऱ्यातून एक पाट निघत होता. पाटाच्या तोंडाशी वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांची वावरं होती. मध्ये बागवान आळीतल्या मुसलमानांच्या पेरूच्या बागा होत्या. अगदी शेपटाला निंबाचं वावर होतं. देवाच्या दिवाबत्तीसाठी म्हणून ते कुण्या जुन्या राजाने गुरवांना दिलेलं होतं.

पाणी कुणाला किती, हे एक तांब्याची वाटी ठरवायची. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक होतं. पाण्याने भरलेल्या घंगाळात वाटी सोडली की ती हळूहळू भरायची आणि बुडायची. वाटी बुडली की एक घटिका झाली. मग पाटकरी शिंग फुंकायचा, ज्याची पाळी संपली तो आपली फळी टाकायचा आणि पाणी पुढच्याकडे जायचं. सगळ्या गावाचा घास त्या एका भोकावर आणि भोकाजवळ बसणाऱ्या एका माणसावर अवलंबून होता.

दगड उभा होता तो या घंगाळाशेजारीच. वाडवडिलांनी पाटाचा नियम त्यावर कोरून ठेवला होता, म्हणजे पुढे कुणी भांडू नये. पण आपल्याकडे दगड उभा दिसला की त्याला शेंदूर फासल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. निंबाच्या पणज्याने पहिलं बोट लावलं, मग आजाने, मग बापाने. निंबापर्यंत येता येता नियमाचा देव झाला. लोक येता-जाता दगडाला हात जोडायचे आणि त्यावर काय लिहिलंय ते विचारायचं विसरून जायचे.

निंबा हा माणूस वाईट नव्हता. पण स्वभाव मुलखाचा संशयी. गवळणीने दूध घातलं की तो बोट बुडवून बघायचा, आणि पाणी नाही असं दिसलं की गवळणीचा जास्तच संशय घ्यायचा. आज नाही घातलं म्हणजे उद्या घालणार, असा त्याचा हिशेब.

एका वर्षी मार्गशीर्षात जुना पाटकरी वारला. गहू हातभर वाढलेला, पेरूला बहर आलेला, आणि पाटावर माणूस नाही. रिवाजाप्रमाणे प्रत्येक घराचा खूण केलेला एकेक खडा मडक्यात टाकला. गावात वयाने मोठी म्हणून ठकूआजी कुंभारणीने डोळे मिटून हात घातला. खडा निघाला तो बाबालाल बागवानाचा.

बाबालालच्या विरुद्ध कुणाला काही सांगता आलं नसतं. कमी बोलणारा, वेळेवर पाटातला गाळ काढणारा, पेरू मोजताना वर दोन टाकणारा माणूस. पण निंबा मनात हिशेब मांडू लागला. पाटाच्या तोंडाशी बागवान बसणार, मध्ये बागवानांच्या बागा, आणि त्यांच्या खाली आपलं वावर. त्यांच्यातून उरलं तर आपल्याला मिळणार. हा माणूस आपल्या आळीचं बघणार नाही कशावरून? आणि त्याला जाब विचारायचा तर कुठल्या देवाच्या नावाने विचारायचा?

रात्रभर त्याने कूस बदलली आणि सकाळी त्याला दगड आठवला.

सारं गाव पाटावर जमलं तेव्हा निंबा दगडापुढे उभा राहिला आणि बोट फिरवत त्याने मोठ्याने वाचलं. "पाटकरी होतील त्यांनी आपल्या देवाची आण घ्यावी, पाणी सर्वांस सारखे द्यावे." मग तो वळून म्हणाला, "आपल्या देवाची. म्हंजी खंडोबाची. बाबालालनं देवळात येऊन बेलभंडार उचलावा. माझं काही म्हणणं न्हाई, दगडच सांगतोय."

बागवान आळीत कुजबुज झाली. वरच्या आळीतल्यांना आजवर हा प्रश्न पडलाच नव्हता, पण एकदा कानात पडल्यावर त्यांनाही ते बरोबर वाटू लागलं. संशयाचं असंच असतं. एकाच्या घरी शिजतो आणि वास साऱ्या आळीत जातो.

ठकूआजी तेवढी म्हणाली, "निंबा, आपलं म्हंजी कुणाचं रं? सुनेला मी म्हणलं, आपलं लुगडं नेस, तर ती तिचं नेसंल का माझं?"

लोक हसले. निंबाला राग आला. तो म्हणाला, की हा लुगड्याचा प्रश्न नाही, देवाचा आहे, आणि अक्षरं वाचता येतात कुणाला ते आधी सांगा.  अक्षराची गोष्ट निघाली की आजीचा इलाज नव्हता.

 बाबालाल पुढे आला आणि शांतपणे बोलला. "गुरवदादा, खंडोबाच्या पायरीवरनं जाताना मी बी हात जोडतो. माझा बाप जोडत होता. पर भितो मी अल्लाला. उद्या मी भंडारा उचलला तर तुमास्नी वाटंल, ह्यो बांधला गेला. आन मला आतून ठावं असंल, की मी मोकळा हाय. असला मोकळा माणूस पाटावर बसवू नगा."

माणूस इतकं खरं बोलला तर खरं म्हणजे तिथेच खडा पक्का व्हायला हवा होता. पण निंबाने त्यातून नेमकं उलटं उचललं. बघा, आण घ्यायला भितोय म्हणजे याच्या मनात काही आहे, असं तो चार जणांच्या कानात बोलला आणि त्या चौघांनी चाळीस जणांच्या. बाबालालने आपला खडा उचलला, खिशात टाकला आणि तो बागेकडे निघून गेला.

मडक्यात पुन्हा हात घातला. या वेळी वरच्या आळीतला सयाजी निघाला. सयाजी देवळात आला, बेलभंडार उचलला, कपाळभर भंडारा फासून घेतला आणि येळकोटाचा असा गजर केला की देवळातली कबुतरं उडाली. निंबाला हायसं वाटलं. आपला माणूस, आपला देव, आता काळजी मिटली.

सयाजी भाविकही असा, की दर रविवारी पहाटे देवाला नारळ फोडायचा. खोबऱ्याची एक वाटी देवापुढे, म्हणजे निंबाच्या घरी, आणि दुसरी सयाजीच्या घरी. निंबाची बायको म्हणायची, की जुन्या पाटकऱ्याने उभ्या जन्मात एवढे नारळ फोडले नव्हते. निंबा म्हणायचा, भाव लागतो.

पौष लागला आणि पाण्याचं काहीतरी बिनसलं. पूर्वी आठ दिवसांनी शेपटाला पाळी यायची, ती अकरा दिवसांनी येऊ लागली. यायची तीही बोटभर धारेने. बंधारा तर दर आठवड्याला उतरत होता. निंबाच्या गव्हाने ओंब्या पोटात धरल्या होत्या आणि खाली जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. त्या गव्हावरच त्याचं वर्षाचं खाणं होतं. दुसरा आधार नव्हता.

चोर कोण याचा विचार करायला निंबाला एक क्षणही लागला नाही. पाटकरीपण गेलं म्हणून बाबालालने डूख धरला असणार आणि मधल्या मधे पाट फोडून पाणी बागेत घेत असणार. तो रोज दुपारी काठी घेऊन बागवानांच्या बांधासमोर बाभळीखाली बसू लागला. चार दिवस बसला, आठ दिवस बसला. पेरूची पानं वळलेली त्याला दिसत होती, बारीक फळं गळून पडलेली दिसत होती. पण संशयी माणसाचं डोकं फार तल्लख असतं. त्याने मनाशी ठरवलं, की हे सगळं आपल्याला दाखवायला चाललंय.

नवव्या दुपारी त्याला हवं ते दिसलं. बाबालाल पाटात उतरला होता आणि बांधाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी करत होता. निंबा धावतच गेला. त्याला बाजूला सारून त्याने आपला हात आत घातला, तर हाताला ओली चिकणमाती लागली. भोक होतं, पण ते नुकतंच बुजवलेलं होतं.

"खेकड्याचं हाय," बाबालाल म्हणाला. "रोज दोन-तीन करत्यात. बुजवलं न्हाई तर तुमच्या वावरापातुर थेंब जायचा न्हाई."

 हात धुऊन निंबा परत आला. आता तरी त्याची खात्री पटावी की नाही? पण वाटेभर त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा माणूस माझ्या वावरासाठी चिखलात हात का घालतो? याचा यात काय डाव आहे? सरळ वागण्यामागे सरळपणाच असू शकतो, हे त्याच्या मनात येऊन गेलं, पण ते तिथे टिकलं नाही.

पुढच्या रविवारी असं झालं, की तो डाव पकडायला सकाळपासूनच बाभळीखाली बसल्यामुळे निंबाला दगडाची पूजा करायला उशीर झाला. एरवी तो पाळ्या सुरू व्हायच्या आत, पहाटेच उरकायचा. त्या दिवशी पोचला तेव्हा दुपार झाली होती. घंगाळात वाटी नुकतीच सोडलेली होती आणि पाणी सयाजीच्याच उसाला चाललं होतं. सयाजी स्वतः उसात पाणी वळवायला गेला होता.

निंबा पूजेला बसला. दगडाला पाणी घालायचं, पुसायचं, तेलात शेंदूर कालवून बोटाने लावायचा, दिवा लावायचा आणि एकशेआठ वेळा नाव घ्यायचं. लहानपणी बापाने त्याला ही पूजा त्याच वाटीवर शिकवली होती. नाव संपायला आणि वाटी बुडायला एकच गाठ पडायची, इतका हात बसलेला. त्या दिवशी नाव संपलं. निंबाने वाटीकडे पाहिलं. वाटी अर्धीसुद्धा भरली नव्हती.

त्याला वाटलं, घाईत आपलंच काही गाळलं. त्याने नाव पुन्हा पहिल्यापासून घेतलं, संपवलं, तंबाखू मळली, खाल्ली. वाटी तरंगतच होती. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वाटी बाहेर काढली. बुडाच्या भोकात मेण होतं, आणि मेणाच्या मधोमध केसाएवढी वाट ठेवलेली होती. म्हणजे स्वतःची पाळी आली की मेण भरायचं, आणि दुसऱ्याची आली की काढायचं.

बाभळीचा एक काटा उचलून तो मेण कोरत होता तेवढ्यात सयाजी आला.  निंबा म्हणाला, "सयाजी, तू खंडोबाचा भंडारा उचलला व्हतास."

सयाजी बिचकला, पण क्षणभरच. मग तो हसला. "उचलला की. आन दर रविवारी नारळ बी फोडतोय. देवाचं आन माझं मिटलंय. नारळ कशापायी, ते तू कधी इचारलंस? ही वाटी बुडत न्हवती, कारण खोबऱ्याची वाटी तुझ्या घरी येत व्हती."

 सयाजी जवळ येऊन हळू आवाजात बोलला, की गावाला खुशाल सांग. मग बागवानाला इथून कुणी उठवलं तेही निघेल आणि खोबरं कुणी खाल्लं तेही निघेल. त्यापेक्षा परवापासून शेपटाला दोन घटिका जास्त सोडतो, तुझा गहू वाचेल, आणि ही गोष्ट दोघांत राहील. एवढं सांगून तो परत उसात गेला.

निंबाने मनाशी हिशेब केला. गव्हाला एक पाणी मिळालं की झालं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. त्याने सवयीने दगडाकडे पाहिलं, की देवा तूच सांग. आणि पाहता पाहता त्याची नजर एका जागी अडली.

'आ' आणि 'पल्या' यांच्या मध्ये शेंदराचा एक गठ्ठा होता. बाप सांगायचा, तिथे दगडाला खोच आहे, बोट दाबून शेंदूर भरत जा. निंबाने चाळीस वर्षं तो भरला होता. आज हातात काटा होता आणि मनात सयाजीची वाटी होती. भोकात मेण असू शकतं, तर खोचीत काय असेल? उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच निंबाला स्वतःचा संशय आला.

त्याने काटा लावला. शेंदराच्या खपल्या निघाल्या. आधी तांबडी, मग तपकिरी, मग आजाच्या वेळची काळी पडलेली. आतून काना निघाला आणि मग अक्षर निघालं. पा.

पाटकरी होतील त्यांनी आपापल्या देवाची आण घ्यावी.

निंबा त्या अक्षराकडे बघत बसला. ठकूआजीला एक अक्षर येत नव्हतं आणि तिने ते बरोबर वाचलं होतं. शेंदराची वाटी शेजारीच होती. एक बोट फिरवलं असतं तर पा पुन्हा बुजला असता, सयाजी गप्प राहिला असता आणि गहू उभा राहिला असता. त्याची फार इच्छा झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मग त्याला चिखलात कोपरापर्यंत हात घातलेला बाबालाल आठवला. त्या माणसाने दुसऱ्याच्या पाण्यासाठी भोक बुजवलं, आणि आपण अक्षर बुजवायला बसलोय, या विचाराने त्याला लाज वाटली, खरीखुरी लाज.

तो उठून देवळात गेला आणि त्याने भर दुपारी नगारा बडवला.

गाव गोळा झालं. निंबाने वाटी दाखवली, मेण दाखवलं. सयाजीने आरडाओरडा केला, खोबऱ्याचं काढलं. निंबा म्हणाला, की खाल्लं, खरं आहे. मग त्याने दगडाकडे बोट केलं आणि सगळ्यांसमोर पुन्हा वाचलं. या वेळी एक अक्षर जास्त होतं. "मेण सयाजीनं भरलं," तो म्हणाला, "पर शेंदूर मी भरला. आधी माझं माफ करा, मग त्याचं बघा."

सयाजीच्या पुढच्या तीन पाळ्या गावाने कापल्या. मग सगळे बागवान आळीत गेले आणि बाबालालला पाटावर चल म्हणाले. तो लगेच उठला नाही. पेरूचा अर्धा बहर गळून गेला होता आणि तो गोड बोलण्याने परत झाडाला लागणार नव्हता. निंबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मेण कोरलेला काटा त्याने पुढे धरला.

शेवटी बाबालाल म्हणाला, "येतो. पर माझ्यावर बी इस्वास ठेवू नगा. घंगाळाशी रोज दोन आळीची दोन माणसं बसवा. आन त्यो काटा तिथंच बांधून ठेवा. ज्याला वाटंल त्यानं भोक बघावं."

ते सर्वांना पटलं. बाबालाल आण घ्यायला त्याच्या मशिदीकडे निघाला. गाव पाटाकडे वळलं. निंबा मात्र चार पावलं त्याच्या मागे गेला. स्वभावाला औषध नाही. हा आत जाऊन नेमकं काय बोलतो, ते ऐकावं असं त्याला वाटत होतं.

ठकूआजीने त्याच्या उपरण्याचं टोक धरलं. "त्याची आण त्याच्या देवाला ऐकू दे," ती म्हणाली. "तू वाटी बघ."

पाळी जिथे तुटली होती तिथूनच बाबालालने ती जोडली. आधी वरच्या आळीतले उरलेले दोघे, मग बागा, मग शेपूट. बागांची पाळी चालू असताना निंबाने तीन वेळा काटा घालून पाहिला. भोक मोकळं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी त्याच्या वावरात शिरलं. अर्धा गहू वाचला, अर्धा करपला. त्या वर्षी त्याच्या घरी भाद्रपदापासूनच ज्वारी मागून आणावी लागली, आणि पहिली पायली बागवान आळीतून आली.

दगडाला त्यानंतर कुणी शेंदूर लावला नाही. निंबा दर रविवारी तो नुसत्या पाण्याने धुतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून, एकही अक्षर न गाळता, वाचून दाखवतो. लोक कंटाळतात, पण ऐकतात.

तात्पर्य काय, तर आण ज्याने त्याने आपापल्या देवाची घ्यावी. गावाने देव तपासू नये, वाटीचं भोक तपासावं.